पाठीचा बाक, हातांची वांव आणि श्वासाचा आकडा

गोव्यातल्या एका रुग्णालयात फुप्फुसांच्या तपासणीच्या खोलीत मी अनेक वर्षे काम करते. दम्याचे रुग्ण, खाणीवर काम केलेले वयस्क कामगार, शस्त्रक्रियेपूर्वी तपासणीसाठी पाठवलेली माणसे अशी आमची रोजची वर्दळ असते. त्यांत अधूनमधून पाठीच्या कण्याला बाक आलेली बारा ते सोळा वर्षांची मुले येतात, आणि त्यांतही मुली अधिक असतात. या मुलांची तपासणी करताना मी बराच काळ एक चूक करत होते. ती मला एका शिवणकाम करणाऱ्या आईमुळे उमगली.

मुलगी चौदा वर्षांची, फोंड्याजवळच्या गावातली. चतुर्थीत घरोघरी घुमटआरतीला, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर गायच्या आरतीला, बसणारी ही पोर त्या वर्षी ओळ पुरी होण्याआधीच श्वास घेऊ लागली, असे आईने सांगितले. कण्याचा बाकही आधी आईच्याच लक्षात आला होता, कारण कुडत्याचा घेर एका बाजूला वर उचललेला दिसे. एक्स-रेवर छातीच्या भागातला बाक ५८ अंशांचा होता. हा कोन मोजण्याची रीत अमेरिकेतल्या जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरली जाते. १० अंशांपासून पुढच्या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात.

कणा केवळ एका बाजूला झुकत नाही. तो स्वतःभोवती पिळलाही जातो आणि बरगड्यांना सोबत ओढून नेतो, त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या पाठीवर उंचवट्यासारख्या वर येतात आणि छातीच्या पिंजऱ्याची भात्यासारखी उघडझाप नीट होत नाही. म्हणूनच कॉब कोन एकटा फुप्फुसांची स्थिती सांगू शकत नाही. बाक छातीत किती वर आहे, त्यात किती मणके आले आहेत आणि पाठीची नैसर्गिक गोलाई सपाट होऊन छातीची पुढून मागची खोली कमी झाली आहे का, यांवरही बरेच अवलंबून असते. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ टक्के दिसला म्हणून निर्धास्त होणारे पालक मला नेहमी भेटतात; तो आकडा फार उशिरा घसरतो, आणि घसरू लागतो तोही बहुधा आधी झोपेत.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकेतून बाहेर येणारी हवा मोजण्याच्या चाचणीत, नाकाला चिमटा लावून, छाती पूर्ण भरून घेऊन, नळीत जोराने आणि शेवटच्या थेंबापर्यंत फुंकायचे असते. मुलीने ते मनापासून केले. निदान तीन फुंका निर्दोष हव्यात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन फुंकांमध्ये १५० मिलिलिटरहून अधिक फरक नको, हा नियम मी काटेकोरपणे पाळते. तिची एकूण फुंक २.१ लिटर आली. पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण उत्तम होते, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या होत्या. हवा मावायलाच जागा कमी होती का, एवढाच प्रश्न उरला. (याची पक्की खात्री फुप्फुसांचे एकूण आकारमान मोजूनच होते, कारण फुंकून बाहेर न येणारी हवा स्पायरोमीटरला दिसत नाही.) यंत्राने वय, लिंग आणि १४९ सेंटिमीटर उंची धरून अपेक्षित आकडा २.५६ लिटर दिला. म्हणजे ८२ टक्के. मी ‘सामान्य मर्यादेत’ असे लिहायला घेतले.

तेवढ्यात आई म्हणाली, “मॅडम, हिचे कपडे शिवताना उंची कमी धरावी लागते, पण बाह्या मात्र मोठ्या मुलीच्या लागतात.”

मी थांबले. कणा वाकला की उभी उंची कमी भरते, पण हातांची हाडे वाढायची तितकी वाढलेलीच असतात. तिला भिंतीला पाठ लावून, तळवे पुढे करून, दोन्ही हात आडवे पसरायला लावले आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेप धरला. आमच्याकडचे जुने मासेमार पाण्याची खोली ज्या वांवेने सांगत, तीच ही वांव. ती भरली १५७ सेंटिमीटर. निरोगी मुलीची वांव साधारण तिच्या उंचीइतकी असते (मुलग्यांमध्ये ती थोडी अधिक भरते), म्हणून ती उंचीच्या जागी घातली. अपेक्षित आकडा २.८८ लिटरवर गेला आणि तेच २.१ लिटर ७३ टक्के ठरले. त्याआधी किती मुलांचे अहवाल मी उभ्या उंचीवर काढून ‘सामान्य’ म्हणून दिले असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता बाक असलेल्या प्रत्येक मुलाची वांव मी मोजतेच. खांदे किंवा कोपरे पूर्ण सरळ होत नसतील तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज घेता येतो. पट्टा, म्हणजे ब्रेस, वापरणाऱ्या मुलाची चाचणी तो काढून घेते आणि तशी नोंद करते, कारण तो अंगावर असताना छाती आवळलेली राहते. शिवाय टक्केवारीइतकेच लक्ष लिटरकडे ठेवते: वाढत्या वयात वर्षभर २.१ लिटरच राहिले, तर ते स्थिर राहणे नसून मागे पडणे आहे.

त्या मुलीची पुढे शस्त्रक्रिया झाली. वर्षानंतर ती तपासणीला आली तेव्हा कणा सरळ झाल्यामुळे उभी उंची सुमारे ५ सेंटिमीटरने वाढली होती, वांव मात्र १५८ होती, आणि फुंक २.३ लिटरची आली. उभ्या उंचीवर हिशेब केला असता तर टक्केवारी पुन्हा ८२ च्या आसपासच दिसली असती, म्हणजे वर्षभरात काहीच बदलले नाही असे कागदाने सांगितले असते. वांवेवर ती ७३ वरून ७८ झाली होती, आणि अहवालात मी तीच लिहिली.