टेकून बसणारा देव

आमच्या देवघरात चौदा देव आहेत आणि त्यातल्या तेरांची नावं आम्हाला माहीत आहेत.

चौदावा पितळेचा, अंगठ्याएवढा. पिढ्यान्‌पिढ्या चिंच आणि राख लावून घासल्यामुळे त्याचं नाक, डोळे, हातातलं आयुध, सगळं झिजून गेलंय. साबणाची वडी शेवटच्या दोन दिवसांत जशी दिसते, तसा दिसतो. आजी त्याला वीरभद्र म्हणायची. बाबांचं म्हणणं, छे, ती अन्नपूर्णा आहे, हातात पळी होती, मी लहानपणी स्वतः पाहिलीय. आई या वादात कधी पडली नाही. ‘देव आहे ना? मग झालं,’ म्हणते आणि त्यालाही इतरांइतकंच गंध लावते.

यंदा हरतालिकेच्या आदल्या दिवशी देव घासायची पाळी माझ्यावर आली, कारण आईचे गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत. लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराचं मागचं अंगण, नळ, परातीत भिजवलेली चिंच, चांदीच्या टाकांसाठी दंतमंजन आणि घरातला एक सेवानिवृत्त टूथब्रश. श्रावण सरला तरी ग्वाल्हेरचा उकाडा सरत नाही. घाम आणि चिंचेचं पाणी एकत्रच कोपरापर्यंत ओघळत होतं. आई खुर्ची टाकून देखरेखीला. पुतणी पायरीवर, मोबाइलमध्ये.

‘काका, तुझा फेवरेट देव कोण?’

‘गणपती.’

‘आपले सोडून सांग रे. ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, त्यातला.’

हे ज्ञान मोबाइलवरच्या खेळातलं. त्या खेळात प्रत्येक देवापुढे त्याच्या ताकदीचा आकडा असतो. नॉर्स लोकांच्या थॉरचे एवढे, ग्रीकांच्या झ्यूसचे तेवढे, आणि मग दोघांची कुस्ती. मला हा हिशेब मुळातच पटत नाही. झ्यूसची वीज माझ्या कधी लक्षात राहिली नाही. बायकोची नजर चुकवताना त्याची जी धांदल उडते ती राहिली. देवाला काय काय येतं हे ऐकून आपण हात जोडतो. जीव जडतो तो त्याचं कुठं अडतं हे कळल्यावर.

मी म्हटलं, ‘हेफेस्टस.’

तिच्या खेळात याचा आकडा फार नव्हता. मग मी तिला सांगितलं. हा ग्रीकांचा लोहार देव. जन्मतः पाय अधू, म्हणून सख्ख्या आईनं, हेरानं, देवांच्या ऑलिम्पस पर्वतावरून खाली टाकलेला. समुद्रातल्या दोघींनी त्याला नऊ वर्षं लपवून सांभाळलं. पुढे याच पोरानं देवांचे महाल बांधले, अकिलीजची ढाल घडवली. इलियड या ग्रीक महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात झ्यूस आणि हेरा यांचं भर पंगतीत वाजतं, सगळे देव चिडीचूप होतात, तेव्हा हा उठतो, टाकून देणाऱ्या त्याच आईची समजूत काढतो आणि लंगडत लंगडत सगळ्यांचे पेले भरत फिरतो. ते पाहून देवांना हसू फुटतं आणि भांडण मिटतं. आपल्याकडेही प्रत्येक कार्यात असा एक मामा असतो. त्याच्यावर हसतात सगळे, आणि तो नसला की पंगत बसत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. त्यानं सोन्याच्या दासी घडवल्या होत्या, चालत्याबोलत्या. कशासाठी? तर चालताना आधाराला.

पुतणीनं परातीतला चौदावा देव उचलला, उलटासुलटा करून पाहिला. ‘काका, याचा पण एक पाय छोटा आहे! हाच तो. हेफेस्टस.’

‘कोण म्हणालीस?’ आईनं विचारलं. ‘आपल्यातलेच का?’

‘ग्रीक आहे, आजी. लंगडा देव.’

आई खुर्चीत सरळ झाली. ‘लंगडा? अगं बाई, शनी का काय? शनी कुणी घरात ठेवतं का?’

तिची भीती अगदीच निराधार नाही. आमच्यापासून जवळच, मुरैना जिल्ह्यातल्या ऐंतीला शनीचं मोठं स्थान आहे. शनी-अमावस्येला तिथं माणसांचा पूर लोटतो आणि परतताना लोक अंगावरचे कपडे आणि पायातली पादत्राणं तिथंच सोडून येतात. लंगड्या देवाच्या दारात चपलांचा ढीग! तो स्वतः मंद चालतो, म्हणून तर एकेका राशीत अडीच वर्षं मुक्काम करतो आणि साडेसाती साडेसात वर्षांची होते. पाय धड असता तर आपली किती लवकर सुटका झाली असती.

‘शनी नाही गं,’ मी म्हटलं. ‘आजी तर वीरभद्र म्हणायची.’

पण वीरभद्र म्हटलं की मला पूषा आठवतो. दक्षाच्या यज्ञात वीरभद्रानं धुमाकूळ घातला, त्यात बिचाऱ्या पूषाचे दात गेले. वेदांतला हा जुना देव, वाट चुकलेल्यांना वाट दाखवणारा, हरवलेली गुरं शोधून देणारा. यज्ञात इतरांना काय काय मिळतं; याच्या वाट्याला पिठाची पेज. आणि याच्या रथाला घोडे नाहीत, बोकड आहेत. तिकडे आइसलँडच्या कथांत थॉरच्या रथालाही बोकडच. थॉर रात्री ते बोकड कापून खातो आणि हाडं कातड्यावर नीट गोळा केली की सकाळी ते पुन्हा जिवंत होतात. एकदा एका पोरानं आतला मगज खायला मांडीचं हाड फोडलं, आणि सकाळी एक बोकड उठला तो लंगडत.

थॉरचा विषय निघालाच होता, म्हणून मग ती लग्नाची गोष्टही सांगितली. थॉरचा हातोडा थ्रिम नावाच्या राक्षसानं पळवला. परत देईन म्हणतो, पण फ्रेया देवी बायको म्हणून हवी. फ्रेया संतापते, नकार देते. मग देवांच्या सभेत ठरतं की थॉरलाच नवरी करून पाठवायचं. तो दाढीवाला आडदांड गडी, त्याला नवरीचा पोशाख, गळ्यात फ्रेयाचा हार, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडावर घुंगट. सोबत करवली म्हणून दुसरा देव, लोकी. लग्नघरी नवरीनं एक अख्खा बैल खाल्ला, आठ सामन मासे खाल्ले, वर तीन पिंपं मद्य रिचवलं.

‘राक्षसाला काही वाटलं नाही?’ आईनं विचारलं.

‘विचारलं ना त्यानं. लोकी म्हणाला, तुमच्या ओढीनं तिनं आठ रात्री अन्नाला शिवलं नाही.’

आईला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ‘करवली हुशार होती हो,’ म्हणाली. मग जरा थांबून, ‘आपल्या भीमानं कीचकाला असंच फसवलं. फक्त तो अंधारात गेला. एवढ्या उजेडात जायला धीर लागतो.’

उत्तर युरोपातल्या या देवांवर माझा खरा लोभ आहे तो मात्र वेगळ्या कारणासाठी. ते अमर नाहीत. इडुन नावाच्या देवीकडे सफरचंदं असतात, ती खाऊन ते तरुण राहतात. एकदा तिला पळवून नेलं तर दरबारातले सगळे देव बघता बघता पांढऱ्या केसांचे झाले. त्यांचा ओडिन, ज्यानं ज्ञानाच्या घोटासाठी स्वतःचा डोळा गहाण टाकला, त्याला तर शेवटही ठाऊक आहे: अखेरच्या लढाईत लांडगा आपल्याला गिळणार. तरी तो रोज लढाईची तयारी करतो. आमच्या लष्करातल्या वाडेवाल्यांसारखं हे. तुळया वाळवीनं खाल्ल्यात, भाऊबंदकीचा दावा सुरू आहे, वाडा आज ना उद्या जाणार हे पक्कं, पण दिवाळी आली की दर्शनी भिंतीला चुना लागलाच पाहिजे.

इजिप्तच्या देवांशी माझं बराच काळ जमलं नाही. पक्ष्याची चोच, कोल्ह्याचं तोंड, सगळे एका बाजूला बघत उभे, मुलाखतीला आल्यासारखे. नंतर तिथल्या देवळांतल्या सकाळबद्दल वाचलं. पुजारी गाभाऱ्याच्या दाराची मातीची मोहोर फोडायचा, देवाला जागं करायचा, आंघोळ, नवं वस्त्र, अंगाला सुगंधी तेल, मग नैवेद्य. आणि देवाचं जेवण झालं की ते सगळं अन्न पुजाऱ्यांच्या घरी वाटलं जायचं. नाईलकाठी प्रसाद! त्या दिवसापासून ती मंडळी मला परकी वाटेनाशी झाली.

ग्रीकांची पिकांची देवी डिमिटर आणि तिची मुलगी पर्सेफनी यांचं तर आईला काही समजावून सांगावंच लागलं नाही. मुलगी पाताळात दिली, आईनं रुसून पिकं वाळवली, शेवटी तडजोड झाली. पण मुलीनं सासरी डाळिंबाचे दाणे खाल्ले होते म्हणून वर्षातला काही काळ तिला परत जावंच लागणार. ‘तरी बरेच महिने मिळाले तिला माहेरी,’ आई म्हणाली. ‘आपल्या गौरींना तीन दिवस. त्यातला एक येण्यात, एक जाण्यात.’

एव्हाना टाक घासून झाले होते. खंडोबा घोड्यावर, शेजारी म्हाळसा. बानूचा वेगळा टाक आहे, तो आई जरा लांब ठेवते. विचारलं तर म्हणते, ‘सकाळी सकाळी कटकट नको.’ मल्लासुराला मारणारा हा देव. दोन बायकांच्या भांडणात मात्र त्याला तोंड उघडता येत नाही. धनगराच्या त्या पोरीसाठी मेंढ्या राखायला राहिला होता. पंढरीला रखुमाई रुसून वेगळी राहिली ती राहिलीच. असे देव असले की पूजेला बसताना फार पवित्र चेहरा करावा लागत नाही.

पुतणीनं आमच्या अनामिकाला ग्रीक करून टाकलं याचं मला हसू आलं, पण तिच्या आधी चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या ग्रीक वकिलानं, मेगॅस्थेनिसनं, तेच केलं होतं. मथुरेकडचे लोक हेराक्लिज या ग्रीक वीराला भजतात, असं त्यानं लिहून ठेवलं. बहुधा त्याला कृष्ण दिसला आणि त्यानं आपल्या ओळखीचं नाव देऊन टाकलं. उलटंही घडलं. विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब आहे. तो मुलूख तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होता. आसपासचे लोक त्याला खामबाबा म्हणून शेंदूर फासत, नवस बोलत. 1877 मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमसारखा जाणता माणूस तो पाहून गेला, पण शेंदराचा थर एवढा की खालचा लेख त्याला दिसला नाही. 1909 मध्ये शेंदूर खरवडला तेव्हा अक्षरं वर आली: देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला तक्षशिलेच्या हेलिओडोरसनं, डिऑनच्या मुलानं, जो ग्रीक राजा अँटिअल्किडसचा वकील म्हणून इथं आला होता. स्वतःला तो ‘भागवत’ म्हणवतो. इसवी सनापूर्वी शंभरसव्वाशे वर्षं! ऑलिम्पसच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या या माणसाला आपल्या वासुदेवात काय सापडलं असेल? मला आपलं वाटतं, लोणी चोरताना पकडलेला पोरगा त्याच्या कानावर आला असावा. त्यांचा हर्मीजही जन्मला त्याच दिवशी अपोलोच्या गाई पळवून मोकळा झाला होता, माग लागू नये म्हणून उलट्या पावलांनी चालवत. अशा पोराची सवय असलेल्या माणसाला गोकुळ नवं वाटणार नाही. हे अर्थात माझं, इतिहासकारांचं नव्हे. खांबावर दम, त्याग आणि अप्रमाद अशी गंभीर तीन पावलं कोरली आहेत. लोण्याचा उल्लेख नाही.

देवाला आपलं काही लागतं, याचा सगळ्यात चोख पुरावा मात्र आमच्या किल्ल्यावर आहे. चढावर, एकाच खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर. इथला इसवी सन 876 चा लेख पाहायला जगभरून माणसं येतात, कारण त्यात शून्य आहे, आजच्यासारखं गोल. पण ते शून्य आलंय कशात? फुलांच्या हिशेबात. देवासाठी 270 हात लांबीची बाग दिली आणि रोज 50 हार द्यायचे ठरले. लोक शून्याचा फोटो काढतात आणि खाली उतरतात. मी तिथं उभा राहिलो की मला त्या माळ्याची काळजी वाटते. रोज पन्नास! आमचा फुलवाला महिन्याला तीस पुड्या देतो, त्यात दोन खाडे करतो आणि पैसे एकतिसाचे लावतो.

देव धुवून, पुसून, उन्हात वाळवून आत आणले. दुसऱ्या दिवशी पहाटे मांडामांड मीच केली. गणपती मध्ये, बाळकृष्ण रांगता, पुढे शाळिग्राम, बानू लांब. चौदावा काही केल्या उभा राहीना. ठेवला की कलंडे. तळाशी कागदाची घडी घालून पाहिली, थोडे तांदूळ घालून पाहिले.

‘असा नाही राहायचा तो,’ आई मागून म्हणाली. ‘त्याला घंटेला टेकव.’

टेकवला. राहिला.

‘पण आरतीला घंटा उचलली की?’

‘तेवढा वेळ मी धरते की. इतकी वर्षं काय करतेय?’

पुतणी नवीन फ्रॉक घालून निरांजनापाशी येऊन उभी राहिली. मी घंटा उचलली. आईनं उजव्या हातानं टाळ्या वाजवल्यासारखं केलं आणि डाव्या हाताचं एक बोट त्याच्या पाठीला लावून ठेवलं, आरती संपेपर्यंत.