आमची वाटचाल: साग, बांबू, धान आणि धार

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलहून गडचिरोलीकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं धार लावायचं दुकान आहे. घरातली सुरी, विळी, विळा, कोयता, कुऱ्हाड, पटाशी, रंध्याचं पातं, फर्निचरवाल्यांच्या थिकनेसरची, म्हणजे फळी सारख्या जाडीची रंधणाऱ्या मशीनची, लांब पाती, असं सगळं आमच्याकडे येतं. विकायला दुकानात काहीच नाही. सुरुवात केली तेव्हा ‘नुसती धार लावून पोट भरते का भाऊ?’ हा प्रश्न ओळखीच्या प्रत्येकाने एकदा तरी विचारला. दुसरीकडे कदाचित भरत नसेल. आमच्या भागात भरतं, कारण इथे जे उगवतं तेच धारेच्या मुळावर उठलेलं आहे.

सागवान, बांबू आणि धान, या तिन्हींत सिलिका असते. वाळूत असतो तोच घटक. जमिनीतल्या पाण्याबरोबर ती मुळांवाटे वर चढते आणि सागाच्या लाकडात, बांबूच्या बाहेरच्या सालीत, धानाच्या पानांत आणि तणसात जमून बसते. साग हाताला तेलकट लागतो, रंधा त्यावर लोण्यासारखा चालतो, पण संध्याकाळी पातं उजेडात धरलं की धारेवर पांढरी चमकती रेघ दिसते. चमकली म्हणजे धार गेली. खऱ्या धारेवर उजेड थांबतच नाही. बांबू सोलणाऱ्याची सुरी तर त्याहून लवकर बोथट होते. २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, तेव्हा अख्खा जिल्हा आनंदात होता. माझ्या डोक्यात आधी आलं ते हे, की ती दारं घडवणाऱ्यांच्या पटाश्यांना कोण धार लावत असेल!

तर इथे हत्यार लवकर बोथट होतं आणि धार सारखी लावावी लागते. सारखी लावली की पोलाद सारखं झिजतं. दर वेळी दोन सूत खाणारा धारवाला असेल तर चांगलं पातं दोन-तीन वर्षांत मुठीजवळ येतं. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीभोवती उभा आहे: धार पुरती लागली पाहिजे आणि पोलाद कमीत कमी गेलं पाहिजे.

वडील खातीकाम, म्हणजे लोहारकाम, करत. ट्रकच्या कमानीचा पाटा तोडून त्याचे विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा घडवत. धार कानशीने काढून निसण्यावर बसवत. त्या धारेत दोष काढायला जागा नव्हती, पण एका कुऱ्हाडीला लागणारा वेळ पाहता त्यावर दुकान चाललं नसतं. बाजारात तेव्हा सहा इंची दगडाचं ग्राइंडर घेऊन बसणारे होते. ठिणग्यांचा फवारा उडायचा आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. ठिणग्या जास्त म्हणजे काम पक्कं, अशी समजूत अजूनही आहे. उडते ती प्रत्येक ठिणगी आपल्याच पात्याची असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

वाढई, म्हणजे सुतार, मात्र त्या ग्राइंडरच्या जवळ फिरकत नसत. आम्ही २०१६ मध्ये बेल्ट सँडर (पॉलिश पेपरसारखा खरखरीत पट्टा फिरवणारं मशीन) बसवला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या वाढईकाकाजींनी सांगून टाकलं, ‘मशीनवर माजी पटाशी नोका लावू जी, पाणी उतरते.’

त्यांचं खरंच होतं. पटाशीचं कार्बन पोलाद आधी लाल करून विझवतात, मग साधारण २०० अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. त्याच्या वर ते गेलं की कडकपणा, म्हणजेच पाणी, उतरायला लागतो. रंग बघूनच कळतं: आधी गव्हाळी, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. धारेचं टोक कागदाइतकं पातळ, त्यामुळे बाकी पातं कोमट असतानाच टोक निळं पडलेलं असतं. मग निळा भाग घासून काढण्याशिवाय इलाज नाही. म्हणजे पुन्हा पोलादच गेलं.

आमच्या मशीनचं वेगळेपण वेगात आहे. दोन इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्टा, एक एचपीची मोटार, मिनिटाला १४४० फेरे, आणि मोटारीवर चार इंची चाक. चाकं इथल्याच लेथवाल्याकडून वळवून घेतली. पट्ट्याचा वेग होतो मिनिटाला साधारण ४६० मीटर. सहा इंची दगड २८८० फेऱ्यांवर फिरतो तेव्हा त्याची कड मिनिटाला १४०० मीटरच्या जवळपास पळते, म्हणजे तिप्पट. शिवाय पट्टा लांब असल्याने घासून गेलेला भाग परत येईपर्यंत त्याला वारा लागतो. पुढे मोटार बदलून वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवला. आता पटाशी आणि रंध्याच्या पात्याला आम्ही निम्म्याहून जास्त वेग देत नाही. शेजारी पाण्याचं घमेलं असतं, एक हात मारला की पातं त्यात. हातमोजे घालत नाही. पट्ट्यात अडकायची भीती असतेच, पण बोटाला चटका कळावा हाही हेतू आहे. चष्मा आणि तोंडाला कापड मात्र हवंच.

हे सगळं काकाजींना सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या एका जुन्या पटाशीला त्यांच्यासमोरच धार लावली. त्यांनी सागाचा तुकडा टोकाकडून, रेषेच्या आडवा, तासून पाहिला. तिथे लाकूड चुरडलं तर धार खोटी. तासलेली जागा काचेसारखी निघाली. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या बाजाराला पोत्यात गुंडाळून रंधे घेऊन आले, आणि त्यांच्यामागे बाकीचे वाढई.

मशीनसाठी पैसे उभे करताना वेगळीच गंमत झाली. मुद्रा योजना २०१५ मध्ये आली होती, शिशू गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळत होतं. ‘माल कोणता ठेवणार?’ असं बँकेत विचारलं. माल काहीच नाही म्हटल्यावर कागद बरेच दिवस टेबलावर पडून राहिला. शेवटी मशीनचं कोटेशन आणि जवळपासच्या आरागिरण्या नि फर्निचर दुकानांची यादी जोडली, तेव्हा कुठे तो हलला.

कामाची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण घरी मशीन घेऊन करणारे पुष्कळ विचारायला येतात. पट्टा पात्याच्या पाठीकडून येऊन धारेवरून सुटला पाहिजे. उलट धरलं तर धार पट्ट्यात घुसते, पट्टा फाटतो आणि पातं अंगावर येतं. दाते पडले असतील तरच ८० नंबरचा जाड खरखरीत पट्टा, एरवी १८० किंवा २४० पासून सुरुवात. कोन सापडत नसेल तर धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढायची आणि पट्ट्याला हलकं टेकवून बघायचं. शाई जिथून गेली तिथेच घासलं जातंय. एका बाजूने घासत गेलं की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक तार लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली की त्या बाजूचं काम संपलं. त्यापुढे घासणं म्हणजे पोलाद फुकट घालवणं. मग ४०० नंबर, आणि शेवटी हिरवी पॉलिश लावलेला चामड्याचा पट्टा, ती तार काढून टाकायला.

पट्टा कुठे दाबायचा यावरही बरंच ठरतं. मागे सपाट लोखंडी पट्टी आहे तिथे दाबलं तर सपाट उतार येतो. पटाशी आणि रंध्याला तोच हवा, २५ अंशांचा, टोकाला ३० चा बारीक उतार देऊन. पटाशीची पाठ मात्र पट्ट्यावर कधीच टेकवत नाही, कडा गोल होतात. ती काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर हाताने. कुऱ्हाडीला मोकळा, ढिला पट्टा चांगला. तो दबतो आणि धार थोडी फुगीर येते. फुगीर धार लाकडात अडकून बसत नाही आणि दाते पण कमी पडतात. विळ्याची धार आतल्या बाकात असते, मोठ्या दगडाला तिथे पोचताच येत नाही. त्यासाठी आम्ही मशीनच्या वर एक लहान रोलर बसवला, विळा त्यावर आडवा ओढायचा. धानकापणीत आम्हाला जगवलं ते या रोलरने.

थिकनेसरची पाती हायस्पीड पोलादाची असतात. ती तापली तरी सहज उतरत नाहीत, पण तापलेली पाण्यात बुडवली तर तडकू शकतात, म्हणून त्यांना हवेवरच ठेवतो. एका रोलमधली सगळी पाती सारख्या रुंदीची आणि वजनाची करून द्यावी लागतात, नाहीतर मशीन थरथरतं. त्यासाठी दुकानात सोनारासारखा काटा ठेवला आहे; नवीन माणूस आला की त्याकडेच बघत बसतो.

झिजलेला पट्टा ही या धंद्यातली खरी खोट. झिजला की तो कापत नाही, नुसता घासतो आणि तापवतो. पट्टा वाचवायचा की गिऱ्हाइकाचं पातं, हे दुकानदाराने एकदाच ठरवावं. आम्ही जुने पट्टे लाकडी मुठी घासायच्या दुसऱ्या मशीनला लावतो. दोन मशीन वेगळी ठेवण्याचं कारण भुसा: पोलादाच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एका ठिकाणी आले की आग ठरलेली. पावसाळ्यात पट्ट्यांचे जोड सुटतात, म्हणून ते घडी न घालता जाड पाइपवर टांगून ठेवतो.

घरगुती सुऱ्या आणि विळ्या बायको बघते. बाजाराच्या दिवशी बायका तिच्याकडेच येतात, माझ्याकडे देत नाहीत. भाव ठरवण्यातही ती माझ्याहून पक्की आहे. सुरीचे वीस रुपये, त्यात घासाघीस नाही. पोळ्याच्या आधीचा आठवडा आमच्याकडे सगळ्यात गर्दीचा. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल कोरणारे वाढई पटाश्या आणतात, आणि करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, मटणासाठी खाटीक त्यांचे सुरे आणतात. दोघांनाही काल पाहिजे असतं.

पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. सुतार, लोहारांना अवजारांसाठी १५,००० रुपये मिळू लागले आणि आमच्याकडे कोऱ्या पटाश्या यायला लागल्या. कारखान्यातून आलेली पटाशी नुसती आकार दिलेली असते, धार आपल्यालाच बसवावी लागते. नवीन पोरांना हे कोणी सांगत नाही. त्यांना वाटतं पटाशीच खराब निघाली.

दुकान सूर्य मावळायच्या आत बंद होतं. सावली, सिंदेवाहीकडच्या गावांतून येणारे लोक जंगलाच्या रस्त्याने परत जातात, आणि आमच्या भागात वाघ ही गप्पांपुरती गोष्ट नाही. उशीर होणार असेल तर हत्यार ठेवून जा म्हणतो, दुसऱ्या दिवशी काळी-पिवळीवाल्याच्या हाती पाठवून देतो.

करवतीच्या कार्बाइडच्या दातांच्या चकत्या आम्ही घेत नाही. आमचे पट्टे कार्बाइडला लागत नाहीत, त्याला हिऱ्याचं चाक लागतं. मोटारीच्या करवतीवर काम करणारे वाढई वाढत चालले, चकत्या परत पाठवताना दर आठवड्याला पिशवी भरते, म्हणून मुलाने हिऱ्याच्या चाकाचं मशीन घ्यायचा धोशा लावला आहे. नागपूरहून दोन कोटेशनं आणून ठेवलीत त्याने. दिवाळीनंतर बघू म्हटलंय. आत्ता धान पिवळं पडायला लागलंय, आणि कोपऱ्यात विळ्यांचा ढीग कमरेपर्यंत आला आहे.