उगाबच्या वाळूत: हत्तींसाठी दगड वाहणाऱ्यांना चार सूचना

नामिबियात वाळवंटी हत्तींच्या प्रकल्पावर स्वयंसेवक म्हणून जायचं, तर आधी दगड उचलायची तयारी ठेवून निघा. फोटोंत हत्ती दिसतात, सिमेंटची पोती दिसत नाहीत. ‘एलिफंट ह्यूमन रिलेशन्स एड’, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या तोंडी ‘एह्रा’, ही संस्था २००३ पासून देशाच्या वायव्येला, डमारालँडमध्ये काम करते. त्यांचा तळ उगाब नदीकाठी आहे. नदी म्हटलं तरी वर्षाचा बहुतेक काळ नुसतं वाळूचं रुंद पात्र असतं, पाणी वाळूखाली. दोन आठवड्यांची फेरी असते: पहिला आठवडा बांधकामाचा, दुसरा हत्तींच्या मागावर आणि मधला शनिवार-रविवार तळावर.

बांधकाम कसलं, तर पाण्याच्या टाक्या आणि पंपांभोवती दगडी भिंतींचं. त्यामागची हकीकत कळल्याशिवाय त्या उन्हात काम करायला हुरूप येत नाही. शिकार आणि त्या काळातलं युद्ध यांमुळे १९८० च्या दशकापर्यंत या भागातला हत्ती जवळजवळ नाहीसा झाला होता. १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि नव्वदचं दशक सरता सरता हत्ती पुन्हा उगाबकडे उतरू लागले. मधल्या काळात इथे हत्तीशिवाय एक पिढी वाढली होती. त्यातली कितीतरी कुटुंबं आधीच्या दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीने दुसरीकडून आणून इथे बसवलेली. शेळ्या-मेंढ्यांवर पोट, आणि पाण्याला एक बोअर, त्यावर पवनचक्की किंवा सोलर पंप आणि शेजारी टाकी. हत्तीला नदीच्या वाळूत खड्डा करून पाणी काढता येतं, पण आयती टाकी दिसली तर तो तरी कशाला खणेल? पाइप उपटला की त्याचं काम झालं. मग अख्खी वाडी कोरडी.

मी सावंतवाडीकडची. आमच्याकडे दोडामार्गात २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून माड, केळी, सुपारीची बागायत तुडवली जातेय आणि पंचनाम्यांचे कागद साठतायत. त्यामुळे ‘हत्ती वाचवा’ म्हणणाऱ्यांबद्दल माझ्या मनात थोडी अढीच होती. इथे ती बरीच कमी झाली, कारण कामाची सुरुवातच शेतकऱ्याच्या पाण्यापासून होते. भिंत टाकीपासून इतकी लांब घेतात की सोंड आत पोचू नये. शिवाय हत्तींसाठी वेगळा हौद बांधायचा, म्हणजे त्यालाही पाणी आणि माणसालाही.

कामाचा दिवस असा: पहाटे ज्या जोडीची पाळी असेल तिने उठून चूल पेटवायची, चहा आणि लापशी करायची, बाकीच्यांना उठवायचं. ऊन चढायच्या आत गाडी घेऊन दगड गोळा करायला निघायचं. दगड नेहमी आपल्याकडे ओढून उलटावा, म्हणजे खाली विंचू असला तर तो पलीकडच्या बाजूला निघतो. दुपारी सावलीत पडी, मग पुन्हा काम. हातमोजे जाड चामड्याचे आणि घरून नेलेले बरे. बागकामाचे पातळ हातमोजे तिथे टिकत नाहीत. गवंडीकाम आलंच पाहिजे असं नाही, पण नुसतं उभं राहून सल्ले देणारा माणूस कुणाला आवडत नाही, तसा तो तिथेही आवडत नाही.

अंघोळ हा बांधकामाच्या आठवड्यातला नाजूक विषय. ती नसते, एवढंच सांगते. ओले रुमाल आणि टाल्कम पावडर भरपूर न्या. तळावर मात्र शॉवर आहे आणि पाणी तापवायला लाकडावर चालणारा बॉयलर, ज्याला ते ‘डाँकी’ म्हणतात. आपला बंबच तो, फक्त आडवा. शनिवारी त्याखाली उभं राहिल्यावर माणूस कुठलाही हत्ती विसरतो.

दुसरा आठवडा मागाचा. पात्रातून गाडी हळूहळू जाते आणि वाटाड्या बाहेर वाकून वाळू वाचतो. पुढच्या पायाचा ठसा गोल, मागचा लांबट. कडा धारदार असेल तर ताजा. वाऱ्याने मऊ झाली असेल, वर किड्यांच्या रेघा असतील तर जुना. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोरीने मोजून दुप्पट करा, साधारण तेवढी हत्तीची खांद्यापर्यंतची उंची. लेंडी फोडून बघायची, आत ओल आहे का. आम्ही फोडलेल्या लेंडीत अ‍ॅना झाडाच्या अख्ख्या बिया होत्या. ऐन कोरड्या हंगामात या झाडाला पाला असतो आणि नारिंगी-तपकिरी, वळलेल्या शेंगा गळतात. पुढच्याच वळणावर एक सुळेवाला नर कपाळ खोडाला लावून झाड गदागदा हलवताना दिसला. शेंगा पडल्या की थांबायचा, सोंडेच्या टोकाने एकेक उचलायचा, पुन्हा हलवायचा. घाई अजिबात नाही.

हे हत्ती वेगळ्या जातीचे नाहीत, आफ्रिकेतले नेहमीचेच. फक्त कमी पाण्यावर, लांब चालीवर आणि छोट्या कळपांत जगायला शिकलेले. संख्या इतकी थोडी की प्रत्येकाला नावाने ओळखतात. ओळख कानावरून: कुठे फाटलाय, कुठे भोक आहे. आपण दुर्बिणीतून बघून तक्त्यावर नोंद करायची आणि जीपीएसची जागा लिहायची. गाडीतून उतरायचं नाही, उभं राहायचं नाही, बोलणं कुजबुजत. हत्तीला हात लावणं, खाऊ घालणं, अंघोळ घालणं असलं काही इथे नाही. जो प्रकल्प तुम्हाला हे करू देतो, त्याच्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत.

आता निघण्याआधीच्या गोष्टी. मुंबईहून थेट विमान नाही. जोहान्सबर्ग किंवा अदिस अबाबामार्गे विंडहूक, म्हणजे राजधानी. अदिस अबाबावरून जाणार असाल तर पीतज्वराच्या लसीबद्दल आधीच चौकशी करा, परतताना आपल्याच विमानतळावर विचारतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. व्हिसाचं नामिबियाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून लेखी विचारून घ्या. स्वयंसेवकाला पर्यटक व्हिसा चालेल असं गृहीत धरू नका. विंडहूकहून स्वाकोपमुंडला शटल मिळते, साधारण ३६० किलोमीटर. फेरी तिथूनच निघते. हे गाव अटलांटिककाठी, थंड प्रवाहामुळे धुक्यात बुडालेलं, म्हणून स्वेटर वरच ठेवा. जून ते ऑगस्टमध्ये वाळवंटातली रात्रही चांगलीच कडाक्याची असते. जाड स्लीपिंग बॅग हवीच, कारण मागावर असताना ताडपत्रीवर उघड्यावर झोपायचं असतं. सकाळी बूट झटकून घाला.

दक्षिण आफ्रिकेचा रँड तिथे एकास एक चालतो, पण उरलेले नामिबियन डॉलर देशाबाहेर कुणी घेत नाही. प्लग आपल्या गीझरला असतो तसा मोठ्या तीन पिनांचा. तरी वीज फक्त गावात, म्हणून पॉवर बँक आणि डोक्याला बांधायचा टॉर्च न्या. शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा. जेवण तीन पायांच्या लोखंडी हंडीत सगळ्यांचं एकत्र शिजतं. आमच्या पाळीत मी गोडा मसाला घातलेली मसूर केली होती, हंडी पुसून खाल्ली. मसाल्याची पुडी सीलबंद न्या.

हाताशी जास्तीचे दिवस असतील तर ट्वायफलफाँटेनची हजारो वर्षांपूर्वी कातळात कोरलेली चित्रं जरूर बघा; कोकणातली कातळशिल्पं पाहिलेल्या माणसाला तिथून लवकर हलवत नाही. वाटाड्या स्थानिकच घ्या, आणि सकाळी लवकर जा, दहानंतर दगड तापतो.