कॅप्टन म्हणजे घरोघर फिरायचं काम

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला होता. तिची पोरगी यंदा आठवीत गेलीय, सरांनी खो-खोच्या टीममधे नाव घेतलंय आणि मावशीला टेन्शन, की पोरगी खेळाच्या नादी लागली तर अभ्यासाचं काय. त्यात काकांचं वेगळंच, ते म्हणतात आत्तापासून लातूरला फाउंडेशन बॅच लावू, नीट द्यायचीय तर आठवीपासूनच सुरू करावं लागतंय. मला विचारायचं कारण म्हणजे आमच्या घरात शाळेच्या काळात सगळ्यात जास्त उद्योग केलेली मीच, खो-खो, हरित सेना (शाळेतला झाडं लावायचा गट), भाषणं, शालेय मंत्रिमंडळ, जिथं सर नाव विचारतील तिथं हात वर. फोनवर धड काही सांगता आलं नाही कारण मावशी मधे मधे कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, म्हणून इथं लिहिते आणि लिंक तिला पाठवते.

आमचं गाव उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या अगदी कडेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव आहे त्यामुळं रस्ते रुंद, घरं लांब लांब आणि शाळेला मैदान भरपूर. जुन्या गावाबद्दल घरातली मोठी माणसं फार बोलत नाहीत पण मैदानाचं मात्र आम्हाला कायम बरं वाटायचं, तालुक्याच्या गावातल्या शाळांना सुद्धा एवढी जागा नव्हती. अडचण एकच, जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, आणि शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यातच सुरू होतात. मग मुरूम टाकायचा, दाबायचा, खडे वेचायचे. सूर मारून गडी बाद करायचा म्हणलं की कोपर सोलतंय हे ठरलेलं.

आता खो-खोच का, तर धाराशिव जिल्ह्यात हा काही उगंच टाइमपास म्हणून खेळला जात नाही. २०१६ च्या साउथ एशियन गेम्सला भारताच्या पोरींनी सोनं जिंकलं तेव्हा कॅप्टन सारिका काळे होती, आपल्या जिल्ह्याची, पुढं २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मी आठवीत गेले ते नेमकं २०१६, सरांनी पेपरातलं कात्रण वर्गात चिकटवलेलं. आणि जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, त्यात भारताची कॅप्टन बीड जिल्ह्याची प्रियांका इंगळे, फायनलला नेपाळला ७८-४० नं हरवलं. तेव्हा मी परभणीला ॲग्रीच्या, म्हणजे शेतीच्या डिग्रीच्या, शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलच्या पोरींना मोबाईलवर मॅच दाखवत होते आणि ज्यांना नियम माहीत नव्हते त्यांना ओरडून ओरडून समजावत होते.

नियम म्हणलं तर सोपे, पण कॅप्टनचं डोकं त्यातच जातं. आठ जणी पाटीवर बसलेल्या, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं, नववी पाठलागाला धावणारी. धावणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की उलटं फिरता येत नाही, आणि बसलेलीला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, आधी उठली की फाऊल. समोरच्या टीमच्या पळणाऱ्या तीन तीनच्या तुकडीनं येतात. मग आपली तुकडी लावायची कशी, सगळ्यात चपळ पोरी पहिल्यांदाच उतरवायच्या का मागं राखायच्या, यावर आमची सरांशी कायम भांडणं. सर म्हणायचे पहिली तुकडी टिकली की समोरच्यांचा दम जातो. माझं म्हणणं होतं की एक चपळ पोरगी प्रत्येक तुकडीत वाटून टाका, म्हणजे कुठलीच तुकडी एकदम कोसळत नाही. अजूनही मला माझंच बरोबर वाटतंय.

पण मावशे, हे झालं मैदानातलं. नववीत सरांनी मला कॅप्टन केलं तेव्हा मला वाटलेलं टॉसला जायचं आणि कप घेताना फोटोत मधे उभं राहायचं. खरं काम निघालं लोकांच्या ओसरीवर बसायचं. बारा पोरींची टीम कागदावर लिहिणं सोपं, बारा पोरी जीपमधे बसवणं अवघड. एकीचे वडील म्हणायचे तालुक्याला जाऊलालेत तर परत यायला किती वाजतेत. एकीच्या आज्जीला हाफ पँटचं वाईट, "पोरीच्या जातीनं गुडघे दाखवत पळावं व्हय?" एकीला नेमकं स्पर्धेच्या आठवड्यात सोयाबीन काढायला लागायचं, आणि त्याला काय बोलणार, पाऊस आला तर वर्षाचं पीक रानातच जातंय, तिथं आमचा खो-खो कुठं. सर घरी गेले की लोक आदरानं चहा पाजायचे, हो हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरगी येतच नसायची. आम्ही पोरी गेलो तर तोंडावर नाही म्हणायचे, ते बरं, निदान कारण कळायचं.

कारण कळलं की अर्धं काम होतंय. हाफ पँटचं म्हणाल तर आम्ही सगळ्याच जणींनी ट्रॅक पँट घातल्या, एकटीनं वेगळं दिसायला नको. यायला उशीर होतो म्हणणाऱ्यांसाठी मॅडम सोबत येणार हे मॅडमच्याच तोंडून फोनवर ऐकवलं. आणि ज्या घरात कुणाचंच चालत नव्हतं तिथं माझ्या आईला नेलं. आई काही खेळाबद्दल बोलायची नाही, नुसतं बसायची, शेळीची, पाण्याची, लग्नाची चौकशी करायची आणि उठताना म्हणायची, "माझी बी जाऊलालीय की, तुमची तिच्यासंगं राहील." बस. सरांच्या व्याख्यानानं जे होत नव्हतं ते त्या एका वाक्यानं व्हायचं.

सगळ्यात मोठी अडचण ऊसतोडीची. आपल्याकडं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तालुका पातळीच्या स्पर्धा पावसाळ्यात, जिल्हा त्याच्या पुढं, विभाग आणि राज्य तर दसरा-दिवाळीच्या आसपास नाहीतर नंतर. आणि दसरा-दिवाळीलाच ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोयत्याला नवराबायकोची जोडी लागती, लहान भावंडं सांभाळायला मोठी पोरगी लागती. म्हणजे टीम जेवढी पुढं जाईल तेवढ्या पोरी कमी होत जाणार, असला उलटा हिशोब. आमची सगळ्यात भारी खेळाडू, मैदानाच्या टोकाच्या खुंटावर नुसता हात ठेवून अशी वळायची की समोरचीला कळायचंच नाही, ती अशाच घरातली. शाळेत हंगामी वसतिगृह होतं, म्हणजे आईबाप गेले की पोरांच्या जेवणाखाण्याची सोय गावातच, पण पोरीला मागं ठेवायचं तर आज्जी पाहिजे आणि आज्जी म्हणायची माझं मलाच होईना. आम्ही गेलो, आई गेली, शेवटी आज्जी तयार झाली पण फक्त जिल्ह्यापुरतं. जिल्हा झाला, आम्ही सेमीफायनलला हरलो, आणि पुढच्याच आठवड्यात ती ट्रकवर बसून कारखान्यावर गेली. दहावीला ती परत वर्गात आली नाही. हे मी काही रडायला म्हणून सांगत नाही, पण जे लोक खेळ म्हणजे शिस्त, जिद्द वगैरे लिहितात त्यांना विचारावं वाटतंय की वेळापत्रक कोण लावतं, आणि ते लावताना साखर कारखान्याचं कॅलेंडर एकदा तरी समोर ठेवतात का.

शालेय मंत्रिमंडळाचं मात्र थोडक्यात सांगते कारण तिथं सांगण्यासारखं फार नाही. निवडणूक लई भारी व्हायची, मोबाईलवर वोटिंग मशीनसारखं ॲप, बोटाला मार्करची शाई, प्रचाराला पेरू वाटणं. मी मुख्यमंत्री झाले. मग वर्षभर काम काय, तर परिपाठाला सावधान-विश्राम आणि पाहुणे आले की शाल-नारळाचं ताट धरून उभं राहणं. कुठला निर्णय घ्यायचा नाही, कुठला पैसा हातात नाही. माझं म्हणणं असं की पोरांना पद देण्यापेक्षा पाचशे रुपये आणि एक काम द्या, मग बघा.

हरित सेनेत उलट होतं, पद कुणालाच नव्हतं. शाळेच्या कुंपणाला कडुलिंब, करंज लावलेले, जूनमधे फोटो काढून सगळे मोकळे. खरी परीक्षा एप्रिल-मे, शाळेला सुट्टी आणि झाडाला पाणी नाही. ज्या भागात २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं माणसाचं सोडून झाडाला पाणी माग म्हणजे लोक हसणारच. आम्ही वाटण्या केल्या, ज्याचं घर ज्या झाडाजवळ त्यानं भांडी धुतलेलं पाणी तिथं टाकायचं. राखेनं घासलेल्या भांड्यांचं चालतंय, साबण नको एवढीच अट. लांबची झाडं गेली, घराजवळची बरीच जगली. ॲग्रीला गेल्यावर ठिबक, आच्छादन, वाफसा सगळं शिकले पण पाणी माणसाच्या वाटेवर असलं की झाड जगतं हे मला तेव्हाच कळलेलं.

भाषणांचं पण सांगायला पाहिजे. आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतंय आणि प्रत्येक शाळेत तेच भाषण, १९४८, निजाम, पोलीस ॲक्शन, टाळ्या. गाइडमधलं पाठ करून मी पण एकदा म्हणलं. नंतर मॅडमनी सांगितलं की अगं जवळचं सांग की, मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ आपल्या शेजारच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत हेडमास्तर होते, हुतात्मा वेदप्रकाश आपल्याच तालुक्यातल्या गुंजोटीचे. मग ते घातलं तर मागं बसलेले म्हातारे लोक पुढं सरकले आणि भाषण झाल्यावर एकेक जण आपापलं सांगायला लागला. बक्षीस काही मिळालं नाही, परीक्षक बाहेरचे होते, त्यांना हावभाव पाहिजे होते.

आता काकांच्या मुद्द्यावर येते. मी लातूर पॅटर्नला, म्हणजे तिथल्या घोटून अभ्यास करून घ्यायच्या पद्धतीला, नावं ठेवत नाही, अकरावी-बारावी मी तिथंच काढली आणि तिथल्या सरांनी शिकवलेलं अजून उपयोगी पडतंय. पण आठवीच्या पोरीला खोलीत कोंडून काय होणार. प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर दीड-दोन तास, त्या वेळात ती काही फिजिक्स वाचणार नव्हती, मोबाईलच बघणार होती. मार्काचंच म्हणाल तर पुढच्या पातळीपर्यंत खेळली तर दहावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, आणि चित्रकला जमत असली तर इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली की ७, बी ला ५, सी ला ३ गुण. पण गुणांसाठी म्हणून घालू नका, नुसत्या गुणांसाठी आलेल्या पोरी पहिल्या सोललेल्या कोपरालाच घरी बसतात हे मी बघितलंय.

मावशे तू सरांना एवढं मात्र विचार. सोबत बाई माणूस कोण येणार, नुसतं "येतील कुणीतरी" चालणार नाही. जिथं स्पर्धा आहे तिथं मुलींना कपडे बदलायला आणि बाथरूमला जागा आहे का, आमच्या वेळी एका ठिकाणी नव्हती तर आम्ही दिवसभर पाणीच पिलो नाही आणि संध्याकाळच्या मॅचला दोघींना चक्कर आली. गाडी कुणाची आणि रात्री घरापर्यंत सोडणार का फाट्यावर. बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, जन्मतारखेचा पुरावा आणि पासपोर्ट फोटो एका पिशवीत आत्ताच ठेव, आधारवरची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी जुळती का बघून घे कारण वय गट १४, १७, १९ असे असतात आणि एका तारखेच्या घोळानं खेळायला आलेली पोरगी बाहेर बसलेली मी बघितलीय.

काकांना म्हण फाउंडेशन बॅचचं दिवाळीनंतर बघू, तोवर जिल्ह्याचं पण कळतंय. आणि ट्रॅक पँट एक साइज मोठीच घे, पोरगी वाढूलालीय.