स्पिटफायरसाठी रंग निवडताना: माझा अनुभव

स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच्या प्लास्टिक मॉडेलचे रंग घेताना नजर आधी छटेवर जाते. मी आधी बघतो की रंग कशात पातळ होतो. थर फाटणं, सुटणं, सुरकुतणं हे सगळं तिथेच ठरतं.

१/४८ मापाच्या स्पिटफायर ९ साठी प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) लॅकरचा, म्हणजे तीव्र, झपाट्याने उडणाऱ्या थिनरवरचा घेतला: मिस्टर सरफेसर १५००, एक भाग प्रायमरला दोन भाग लेव्हलिंग थिनर. त्याचाच १००० नंबर ओरखडे भरायला चांगला, पण एवढ्या लहान मापाच्या पॅनेलरेषा (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेषा) त्याने बुजायला लागतात.

वरचे रंग तामियाचे अॅक्रिलिक. हिरवा एक्सएफ-८१, ओशन ग्रे एक्सएफ-८२, पोटाला एक्सएफ-८३ (मीडियम सी ग्रे), शेपटीजवळच्या पट्ट्याला एक्सएफ-२१ स्काय. ओशन ग्रे १९४१ च्या ऑगस्टपासूनचा; त्याआधीच्या स्पिटफायरला तपकिरी डार्क अर्थ लागतो, तेव्हा डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं-अक्षरं) कोणत्या विमानाचे आहेत ते बघूनच बाटल्या घ्या. लहान मापावर मूळ छटा गडद दिसते, म्हणून दहा थेंबांत एक थेंब पांढरा घातला.

एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनच्या) ०.३ मिमी नोझलला रंग आणि थिनर समसमान, दाब १५ ते १८ पीएसआय. तामियात लॅकर थिनर घातला तर रंग जास्त सपाट बसतो. हेच व्हॅलेहो या दुसऱ्या कंपनीच्या अॅक्रिलिकमध्ये करू नका. तो पाण्यावरचा रंग, अल्कोहोल किंवा लॅकर थिनर लागला की त्याची जेली होते आणि नोझल तुंबतं. त्याला त्याचाच थिनर. कॉकपिटमधली बटणं, पट्टे ब्रशने रंगवायला मात्र मी व्हॅलेहोच घेतो. तामिया ब्रशखाली इतक्या लवकर वाळतो की दुसरा हात पहिल्याला ओढून नेतो.

कोकणपट्टीत पावसाळ्यात लॅकरवर पांढुरका धूर चढतो. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. अशा दिवशी रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) असलेला थिनर वापरावा. मी तर मुसळधार पावसात एअरब्रश काढतच नाही.

डिकलआधी एक्सएफ या मॅट रंगांवर तामियाच्याच एक्स-२२ या पारदर्शक अॅक्रिलिकचा चकचकीत थर हवाच. मॅट खडबडीत असतो, डिकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी डाग दिसतात. हा थर २४ तास वाळू द्या. मग पॅनेलरेषांत इनॅमल वॉश (तेलकट रंगाचं पातळ पाणी) सोडून, जास्तीचा व्हाइट स्पिरिटच्या (टर्पेंटाइनसारख्या; अल्कोहोलच्या स्पिरिटच्या नव्हे) कापूसकाडीने पुसायचा. खाली अॅक्रिलिक असल्यामुळे स्पिरिट त्याला धरत नाही. उलट क्रमाने, इनॅमलवर लॅकर मारला, तर खालचा थर सुरकुततो. उघड्या प्लास्टिकवर वॉश साचू देऊ नका, विशेषतः चाकांच्या दांड्यांवर. ताणाखालचं प्लास्टिक स्पिरिटने तडकतं.

शेवटी एक्सएफ-८६ या पारदर्शक मॅटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर हिरव्यावर पिठूळ पांढरेपणा येतो.