संमतीपत्रात गेलेला पावसाळा

वडील किंवा आई नसलेल्या मुलांच्या संगोपनासाठी सरकार दरमहा पैसे देतं, त्या बालसंगोपन योजनेचं मूल्यमापन आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा-एरंडोल भागातल्या विधवा मातांना सोबत घेऊन केलं. घरोघरी जाणाऱ्या चार बाया त्याच गावांतल्या, त्यांतल्या दोघी स्वतः लाभार्थी. गावं ठरवणं, सरपंचांना भेटणं, प्रश्नावली छापणं पंधरा दिवसांत उरकलं. गाडी अडली ती संमतीपत्रावर, म्हणजे मुलाखतीला बाईची तयारी आहे हे नोंदवणाऱ्या कागदावर.

अभ्यासाला एका संस्थेच्या नीतिसमितीची, म्हणजे संशोधनात लोकांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची मान्यता लागत होती. त्यांचा नमुना चार पानी, शेवटी बाईची सही किंवा अंगठा आणि साक्षीदाराची सही. मी तो आमच्या बायांना वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर एकीने थांबवलं, "ताई, सही कसाले? आखो करज शे का?" म्हणजे, सही कशाला, अजून कर्ज आहे का? नवरा गेल्यावर कुणी ना कुणी न वाचताच कागदावर अंगठा घेतलेला, तेव्हापासून तिला कागदाचीच भीती. आणि साक्षीदार म्हणून बसणार दीर नाहीतर सासरा. त्याच्यासमोर खात्यातले पैसे कोण काढतं, हे ती सांगेल का?

तोंडी संमतीची परवानगी मागितली. उत्तर आलं, नमुन्यात बसत नाही. पुन्हा अर्ज केला, तर पुढच्या बैठकीत बघू. ती बैठकही पुढे ढकलली. जुलैत दिलेली फाइल ऑक्टोबर उजाडला तरी तिथेच. दर सोमवारी फोन करायचे आणि दर सोमवारी तेच ऐकायचे. त्या महिन्यांचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची संशोधन-नीतीची मार्गदर्शक तत्त्वं काढून बसले. विशिष्ट परिस्थितीत, समितीच्या मंजुरीने तोंडी संमती घेता येते, असं त्यांत स्पष्ट आहे. ते पान, अर्ध्या पानाचा अहिराणी मजकूर आणि साक्षीदार म्हणून दुसऱ्या गावची बाई, असं एकत्र जोडून दिलं. दोन आठवड्यांत मंजुरी आली. तुम्ही हे पहिल्याच अर्जाला जोडा.

तोवर कापूस वेचणी सुरू झालेली. दिवसा एकही बाई घरी नाही. मग रात्री भाकरी झाल्यावर, चुलीशेजारी बसून बोलणं. वेचून वेचून बोटांना चिरा पडलेल्या, आणि त्याच बोटांनी ती प्लास्टिकच्या पिशवीतलं पासबुक जपून उघडायची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासही जाऊ नका, सुना माहेरी गेलेल्या असतात.

प्रश्नावलीबद्दल सांगायचं राहिलं. "योजनेबद्दल समाधानी आहात का?" या प्रश्नाला सगळ्याच जणी हो म्हणत. २०२३ मध्ये महिन्याची रक्कम ११०० वरून २२५० झाली, मग नाही कोण म्हणेल? आमच्यातल्या एकीने प्रश्नच बदलला: "कागद गोळा करताना किती दिवसांची मजुरी बुडाली?"

त्या रात्री एक बाई बोटांवर मोजू लागली. उत्पन्नाच्या दाखल्याला दोन दिवस. शाळेच्या बोनाफाइडला एक. मुलांसोबत घरासमोरचा फोटो काढायला तालुक्याहून फोटोवाला आणला, तो एक. पासबुकवरचं नाव दुरुस्त करायला दोन. मग दुसरा हात पुढे केला, "आणि दरवर्षी नूतनीकरण, तेही धरू का?"

मी होकार दिला आणि वहीचं पान उलटलं.