आमची वाटचाल: पाल, पॅनेल आणि एपॉक्सी

कऱ्हाडात २००३ साली दहा बाय बाराच्या गाळ्यात दुकान टाकलं, तेव्हा पाटीवर ‘टीव्ही, टेप, मिक्सर दुरुस्ती’ एवढंच होतं. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले तसं काम बदललं. आधी वॉशिंग मशीनची कार्डं, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले, मग इन्व्हर्टर एसीचे. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये पाल उबेला शिरते, कार्डावर दोन टोकांत अडकते आणि जाताना रेक्टिफायर नावाचा पार्टही घेऊन जाते. कंपनीचा माणूस बघून सांगतो, अख्खं कार्ड बदला, दहा हजार. आम्ही पाल चिमट्यानं काढायचो, जळलेले दोन-तीन पार्ट बदलायचो आणि बाराशे घ्यायचो. मुलीचं शिक्षण पालींनी केलं, असं बायको म्हणते.

पार्ट मिळवताना मात्र नाकी नऊ यायचे. एका कंपनीच्या पुण्याच्या स्पेअर काउंटरवर मी रोख पैसे घेऊन उभा होतो, तरी ‘डीलर कोड सांगा’ म्हणून परत पाठवलं. पुढंपुढं तर कार्डंच जेलमध्ये बुडवून यायला लागली, म्हणजे आतल्या पार्टाला हात लावायची सोय नाही. २०१४च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबलं. पण बातमीचं कात्रण आमच्या भिंतीवर चिकटलं ते चिकटलंच.

२०१८ला आम्ही स्वतःचा माल काढला. शेतीची वीज रात्री येणार, मग उसाला पाणी द्यायला माणूस अंधारात, सापाकिरड्यातून विहिरीवर जाणार. त्यासाठी मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारं पॅनेल बनवलं. एखादा फेज गेला किंवा विहिरीतलं पाणी संपलं तर ते मोटर आपोआप बंद करतं. पहिल्या वर्षी १४० विकली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या तालुक्यात तसंच पॅनेल निघालं, सातशे रुपयांनी स्वस्त. उघडून पाहिलं. आमच्या बोर्डावर माझ्याकडून एक इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं, त्याच्या बोर्डावर तीच चूक!

त्या रात्री मी एपॉक्सी, म्हणजे बोर्डावर ओतलं की घट्ट होणारं रसायन, मागवलं. पुढचा सगळा माल दगडासारखा बंद करून दिला. कात्रण तेव्हा पाठीमागच्या भिंतीवरच होतं.

२०२२च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. समितीनं निवडलेली क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी. पहिलंच नाव शेतीचं. आमचं पॅनेल त्यात मोडतं का, हे विचारायला मी वकिलाकडं गेलो नाही. २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झालं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथं द्यायची. वेगळा कायदा मात्र झाला नाही.

पुढच्या मे महिन्यात वळवाच्या विजांनी आमची ३८ पॅनेलं उडाली. आत पाच-दहा रुपयांचा पार्ट गेलेला, पण एपॉक्सी फोडलं की बोर्डही फुटायचा. आमच्याकडं शिकून गेलेला एक मुलगा आता पाटणकडं दुकान चालवतो. त्यानं एक पॅनेल टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “मालक, तुमच्याकडंच उघडायला शिकलो, आन् तुमचाच डबा उघडंना.” मी चहा मागवला. दुसरं काय करणार?

कंपन्यांची बाजू निव्वळ ढोंग असते असं मी आता म्हणत नाही. एका गावात मिस्त्रीनं आमच्या पॅनेलची पाणी संपल्यावर मोटर बंद करणारी वायर काढून टाकली, मोटर जळाली आणि शेतकरी आमच्या दारात आला. नकलेचा फटका तर सोसलाच आहे. पण ‘सुरक्षितता’ म्हणत दहा हजारांचं कार्ड विकणं वेगळं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०२४ मध्ये कायदा करून एका प्रकाराला बंदी घातली: कंपनीची मंजुरी नाही म्हणून चांगला पार्टसुद्धा यंत्रानंच नाकारायचा. रेघ तिथं ओढलेली मला पटते. प्रोग्राम माझा, मी तो लॉक करणार. रिले, ट्रान्सफॉर्मर, व्हॅरिस्टर असल्या बाजारातल्या पार्टांवर माझा काय हक्क?

तेव्हापासून एपॉक्सी बंद. झाकणाच्या आतून सर्किटचा स्टिकर, पार्टांचे नंबर आणि आमचा फोन. सुटं कार्ड हवं त्याला छापील भावात. बाहेर दुरुस्त केलं तर वॉरंटी तेवढ्याच भागाची जाते, बाकीची राहते. भाऊ अजून रागावलेला आहे. चोराच्या हातात किल्ली दिली म्हणतो.

त्याचं अगदीच चुकलं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या त्या गृहस्थानं आता स्टिकरही जसाच्या तसा छापलाय, आमच्या फोन नंबरासकट. त्याची पॅनेलं बिघडली की लोक आम्हाला फोन करतात. परवा वडूजवरून एक आजोबा तावातावानं बोलत होते. त्यांना मी कुठला रिले बदलायचा ते सांगितलं.